मेडिकलचं नक्की नाही, तरी अकरावीला केमिस्ट्रीच्या वाटेला जावं का?

गोधडी

नमस्कार मंडळी. लेकीचा दहावीचा निकाल लागला, ९१ टक्के. पेढे वाटून झाले, आता खरी गंमत सुरू झालीय. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दहा कॉलेजं भरायची आहेत आणि आमचं घोडं त्याच्याही आधीच्या रकान्यात अडलंय. शाखा कुठली?

लेकीला जीवशास्त्र मनापासून आवडतं. विज्ञान भाग २ चं पुस्तक तिने गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचलं. भाग १ मधलं भौतिक ठीकठाक. 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' आलं की मात्र पेनाला टोपण. प्रिलिमला भाग २ मध्ये ४० पैकी ३८ आणि भाग १ मध्ये २९. गेलेले ११ बहुतेक रसायनात गेले. बोर्डाच्या गुणपत्रिकेत दोन्ही भाग एकत्र येतात, त्यामुळे तिथून काही पत्ता लागत नाही.

तिचं म्हणणं असं: "मला माणसाच्या डोक्यात काय चालतं ते शिकायचंय. कदाचित डॉक्टर होईन, कदाचित नाही." म्हणजे एक तर आर्ट्सला जाऊन मानसशास्त्र, नाहीतर सायन्स घेऊन पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), मग मेडिकलची नीट परीक्षा, एमबीबीएस आणि पुढे मनोविकार. या 'कदाचित'साठी दोन वर्षं केमिस्ट्रीशी झुंजायचं का, एवढाच प्रश्न आहे.

परवा एका क्लासच्या काउन्सेलिंगला जाऊन आलो. 'मेडिकल' हा शब्द तोंडातून निघायचा अवकाश, समोरच्या बाईंनी 'अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री मोड्यूल'सकट दोन वर्षांचं पॅकेज पुढे सरकवलं. आकडा ऐकून नवऱ्याने स्वतःचं पाणी पिऊन माझंही प्यायलं. म्हणून इथे विचारतेय. क्लासची नावं सुचवू नका, अनुभव सांगा.

सदाशिव_पेठी

९१ टक्के आणि आर्ट्स? ताई, शेजाऱ्यांचा काही विचार केलाय का? (हलकेच घ्या.)

कट्टेकरी

पेढे कुठले होते? सल्ला त्यावर ठरेल.

गोधडी

कोपऱ्यावरच्या डेअरीतले. चितळ्यांकडे रांग होती.

कट्टेकरी

मग एवढाच सल्ला: फॉर्म वेळेत भरा.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, आयसीयूत काम करतो. आधी एक गुंता सोडवू, कारण घरोघरी तो असतोच. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो आधी एमबीबीएस होतो, मग एमडी करतो, औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, थेरपी करतो, गोळ्या लिहून देऊ शकत नाही. त्याचा रस्ता मानसशास्त्राच्या पदवीवरून आणि पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यताप्राप्त कोर्सवरून जातो. त्या रस्त्यावर केमिस्ट्री कुठेच लागत नाही. पहिल्या रस्त्यावर तिच्याशिवाय फाटकातच अडवतात. नीटला बसायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, आणि पीसीबी मिळून खुल्या गटाला ५० टक्के.

मुलीला विचारा, माणसाशी बोलायचंय की गोळी द्यायचीय? पंधराव्या वर्षी उत्तर येणार नाही. मलाही पंचविशीपर्यंत आलं नव्हतं. पण दोन्ही एकच नाही एवढं तिला कळू द्या.

तळजाई

जरा कडवट लिहितोय, माफ करा. आमच्या चिरंजीवांचं असंच 'कदाचित' होतं. बारावी झाली, नीटचा पहिला प्रयत्न, मग एक ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा तयारी, मग दुसरा. २०२५ ला २२ लाखांवर मुलं नीटला बसली होती. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या जागा २५० आणि त्याही सगळ्या राज्यातल्या पोरांत वाटल्या जायच्या. दोन वर्षं पोरगा खोलीच्या बाहेर आला तो जेवायला. आता बीएस्सी करतोय आणि हसतोय, ते पुष्कळ झालं.

केमिस्ट्री घ्या की नका घेऊ, पण तिचं 'कदाचित' तुम्ही 'नक्की' करू नका. आम्ही केलं.

गोधडी

कडवट कसलं काका, हेच ऐकायचं होतं.

ब्युरेटवाले सर

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायन शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल.

ताई, दहावीच्या गुणांवरून अकरावीच्या केमिस्ट्रीचा अंदाज बांधू नका. दोन्ही बाजूंनी फसतो. दहावीत समीकरणं पाठ करून ४० पैकी ३८ आणणारी मुलं ऑक्टोबरात रडताना पाहिलीत. २५ वाली मुलं ऑरगॅनिकला अशी फुलतात की विचारू नका.

कारण अकरावीपासून ही एक नाही, तीन विषयांची मोट असते. फिजिकल म्हणजे हिशेब: मोल (अणू-रेणू मोजायचं माप, डझनासारखं), द्रावणं, समतोल, पीएच. इनऑरगॅनिक म्हणजे पाठांतर, बरचसं आवर्त सारणीभोवती. ऑरगॅनिक म्हणजे बुद्धिबळ, इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जाईल ते ओळखायचं. मुलगी "मला केमिस्ट्री जमत नाही" म्हणते तेव्हा यातलं काय जमत नाही ते आधी शोधावं लागतं. माझ्या अनुभवात दहापैकी सात जणांचं मोलवर अडलेलं असतं. मोल शिकवतात नववीला, 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात, आणि दहावीच्या घाईत तो कोणी उघडत नाही. पाया तिथे खचतो आणि भिंत अकरावीला पडते.

आता आकडे. नीटमध्ये २०२५ पासून १८० प्रश्न आहेत, वेळ १८० मिनिटं. ७२० पैकी बायोलॉजीला ३६०, फिजिक्सला १८०, केमिस्ट्रीला १८०. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलांची बायोलॉजी निघते, फिजिक्स बहुतेकांना छळतं, आणि हातात येण्यासारखा विषय केमिस्ट्रीच उरतो. इनऑरगॅनिकमध्ये तर एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांतल्या, ओळीच्या ओळी प्रश्न होऊन येतात.

स्टेट बोर्डवाल्यांची एक वेगळी कटकट आहे, ती कोणी आधी सांगत नाही. आपल्या बारावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'सॉलिड स्टेट'. नीटच्या अभ्यासक्रमातून तो २०२४ पासून गेलाय. पॉलिमरही गेलं. बोर्डाला मात्र दोन्ही आहेत. म्हणजे एकाच विषयाची दोन पुस्तकं आणि दोन याद्या. शिवाय बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल घेऊन गणितं सोडवायची आणि नीटला टेबलही नाही, कॅल्क्युलेटरही नाही. २ चा लॉग ०.३०, ३ चा ०.४८, हे तोंडपाठ ठेवून अंदाजाने उत्तर काढायचं. एका हाताने पोळी लाटा, दुसऱ्याने भाकरी थापा.

आणि ते 'अ‍ॅडव्हान्स्ड मोड्यूल'. नीटला त्याची गरज नाही. ती जेईई अ‍ॅडव्हान्स्डची, म्हणजे आयआयटीच्या परीक्षेची, तयारी असते, तेच साहित्य वेगळ्या वेष्टनात विकतात. त्या पैशांत मुलीला अकरावी-बारावीची पुस्तकं, एनसीईआरटीचे चार खंड आणि दोन वर्षांचे सामोसे येतील. एनसीईआरटी आणि बालभारती दोन्ही नेटवर फुकट आहेत, कागदावर हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा.

सदाशिव_पेठी

सर, दंडवत. माझं मोलवर अडलं ते अडलंच, म्हणून मी कॉमर्सला गेलो आणि आज लोकांचे टॅक्स भरतो.

औंधकर_अमेरिकेत

तुमच्याकडे पंधराव्या वर्षी फाटक बंद होतं याचंच वाईट वाटतं. इथे माझी भाची आधी चार वर्षांची पदवी करतेय, तीही चक्क इतिहासात. सोबत जनरल केमिस्ट्री आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे कोर्स घ्यायचे, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची, मग मेडिकल स्कूल. ऑरगॅनिकला इथेही पोरं टरकून असतात, पण वीस वर्षांची होऊन टरकतात.

कट्टेकरी

आणि कर्ज फेडता फेडता पन्नाशीची होतात. मुद्द्यावर या हो.

मिसळीचा_कट

ताई, मी तुमच्या लेकीच्या दोन पावलं पुढे आहे, म्हणून लिहिते. सायन्स घेतलं, पीसीबी केलं, नीट दिली, नाही झालं. बीए मानसशास्त्राला गेले, आता एमए करतेय. सायन्सकडून आर्ट्सला जाताना मला कोणी अडवलं नाही. उलट दिशेला एवढं सोपं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढलीय की बारावीनंतर हे विषय जादा म्हणून देऊन पास झालं तरी नीटला बसता येईल. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण बीए करता करता एकटीने केमिस्ट्रीचं पुस्तक उघडणारी मुलगी मी तरी पाहिली नाही.

एक मात्र नक्की बघा. मी 'इंटिग्रेटेड' कॉलेजात होते. नाव कॉलेजचं, वर्ग क्लासमध्ये. दोन वर्षांत ब्युरेट (द्रावण थेंबथेंब सोडायची मापाची काचनळी) हातात आली ती थेट बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला. ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेट. फ्लास्क आधी गरम करायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. थंडच घेतला, वरून भराभर सोडत गेले, गुलाबी व्हायच्या ऐवजी तपकिरी गढूळ झालं. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघत राहिले. शेवटी शेजारच्या मुलाने डोळ्यांनीच बर्नर दाखवला.

केमिस्ट्री मला नावडती नव्हती. मी ती कधी केलीच नव्हती, नुसते पर्याय टिकले होते.

ब्युरेटवाले सर

बाळ, तुझं वाचून वाईट वाटलं. ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं आणि त्या तीस गुणांसाठी वर्षभर हात घालून बघायचं असतं. ताई, कॉलेज बघायला जाल तेव्हा फक्त प्रयोगशाळेत डोकवा. बेसिनखाली कोरडं असेल तर काय ते समजा.

कुंदा_फार्मा

इथे सगळे एमबीबीएसवरच अडलेत. मी बी. फार्म. केलं, राज्याच्या सीईटी प्रवेशपरीक्षेच्या पीसीबी गटातून. त्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे छातीत धडधड कमी. आज औषधं बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासते, दिवसभर केमिस्ट्रीच करते आणि खूश आहे. शाळेत रसायनात मी काठावर पास होणारी होते. 'कदाचित डॉक्टर' म्हणणाऱ्या मुलीला केमिस्ट्री घेतल्याने फार्मसी, बायोटेक, फूड टेक असे बरेच रस्ते मिळतात. पाषाण रस्त्यावर एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आहे, पलीकडे आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे. पुण्यात राहून केमिस्ट्रीला नावं ठेवणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला नावं ठेवण्यासारखं.

सदाशिव_पेठी

रश्शाचा विषय पुण्याच्या धाग्यावर नको, इथे आधीच मिसळ आयडी घेऊन बसलीय.

गोधडी

सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. बर्नरवर ती खूप हसली, मग गप्प झाली. तिने डॉक्टरांना विचारायला सांगितलंय: "तुम्हाला खरंच लागते का केमिस्ट्री? की नुसतं गाळायला ठेवलीय?"

रात्रपाळी

प्रश्न आवडला. अर्धं उत्तर तिने स्वतःच दिलंय. गाळायलाही ठेवलीय. ग्रिन्यार्ड अभिक्रिया मी बारावीनंतर एकदाही वापरली नाही. बेंझिनच्या कड्यावर कोण कुठे जाऊन बसतं ते विसरून गेलोय, आणि त्यामुळे आजवर एकही पेशंट दगावलेला नाही.

पण परवाच्या रात्रीचं सांगतो. विशीतला मुलगा आला, मधुमेही, इन्सुलिन चार दिवस बंद केलेलं. धापा टाकत होता, ग्लुकोमीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय'. रक्ताचे रिपोर्ट आले: सोडियम १३२, क्लोराइड ९६, बायकार्बोनेट ८. आम्ही काय करतो, सोडियममधून उरलेले दोन वजा करतो. २८ आले. साधारण ८ ते १२ असायला हवेत. रक्तात विजेचा हिशेब जुळायलाच लागतो, जेवढे धन तेवढे ऋण. मग हे जास्तीचे ऋण कुठून आले? मोजलं न गेलेलं कुठलं तरी आम्ल आहे. त्याच्या बाबतीत ते कीटोन होते, इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारे. ही अकरावीची केमिस्ट्री आहे, फक्त पहाटे तीनची.

नंतर इन्सुलिन सुरू केलं की पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तातलं घसरतं, म्हणून ते सलाईनमधून द्यावं लागतं. १० मिलीची एक अँप्युल, तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे विजेच्या भारानुसार मोजलेले मोल, हजाराव्या भागात. सलाईनमध्ये मिसळून तासातासाच्या हिशेबाने दिली तर औषध, तशीच शिरेत ढकलली तर हृदय बंद. मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे काय हे ज्या माणसाला डोळे मिटून कळत नाही, त्याच्या हातात मी ती अँप्युल देणार नाही.

सलाईनच्या बाटलीवर सोडियम १५४ छापलेलं असतं. कुठून आलं? एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, भागिले ५८.५ (मिठाच्या एका मोलचं वजन), गुणिले हजार. सरांचा मोल तो हाच.

आणखी एक, तिला आवडेल म्हणून. हातभट्टीच्या दारूत मेथॅनॉल गेलं की माणसं आंधळी होतात, मरतात. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभरावर गेली. मेथॅनॉल स्वतः एवढं घातक नाही, यकृतातलं एक एन्झाइम त्याला धरतं आणि पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं ते घातक. म्हणून उतारा काय देतात? चांगली दारू. इथेनॉल. एन्झाइम आधी इथेनॉलला धरतं आणि मेथॅनॉल लघवीवाटे तसंच निघून जायला वेळ मिळतो. आता वेगळं औषधही आहे, पण युक्ती तीच.

राहिली मनोविकाराची गोष्ट. तिथे लिथियम नावाचं औषध देतात. आवर्त सारणीतला तिसरा. ठरावीक काळाने रक्तातली पातळी मोजावी लागते, कारण गुण देणारी आणि विषारी मात्रा शेजारीशेजारी असतात. डोक्यात काय चालतं ते शिकायला निघालेल्या माणसालाही केमिस्ट्री अशी भेटते.

कट्टेकरी

चांगली दारू हा उतारा आहे हे वाक्य मी कापून फ्रिजवर लावतोय.

ब्युरेटवाले सर

डॉक्टरांनी माझं काम सोपं केलं. ताई, फॉर्म लॉक व्हायला अजून दिवस आहेत ना? मग कोणाचाही सल्ला घेऊ नका, माझाही. अकरावीच्या पुस्तकातला पहिला धडा तिला एकटीला वाचू द्या. क्लास नको, व्हिडिओ नको. मग औषधाच्या दुकानातून ओआरएसचं पाकीट आणा, एका लिटरचं, २०.५ ग्रॅमवालं. त्यावर घटक लिहिलेले असतात आणि शेजारी सोडियम ७५ (मिलिमोल, म्हणजे मोलचा हजारावा भाग) असंही असतं. तिला एवढंच विचारा: पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, तर मिठातून सोडियम किती येतं ते काढ आणि ७५ शी जुळव. पुढे एक अक्षर सांगू नका. ती किती वेळ त्याच्याशी बसते ते बघा. उत्तर येतं का ते नाही, बसते का ते.

रात्रपाळी

सर, अफलातून. त्या पाकिटाचं मोल वेगळ्या अर्थानेही फार आहे. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपायला आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले होते.

गोधडी (आठ दिवसांनी)

उशीर झाला, कारण सांगते.

धडा वाचायला तिला चार दिवस लागले. दोनदा पुस्तक आपटलं. पाचव्या दिवशी पाकीट हातात दिलं. २.६ भागिले ५८.५, गुणिले हजार, दहा मिनिटांत आलं: ४४.४. पाकिटावर ७५. "आई, पाकीट चुकलंय." मी सरांचा शब्द पाळून गप्प. तिने भागाकार पुन्हा केला. मग म्हणाली कंपनीला मेल करते. मग जेवण झालं. रात्री साडेदहाला तिच्या खोलीत दिवा चालू, मी दुधाचा कप घेऊन गेले तर ती पाकीट दिव्याखाली धरून बसलेली. "सोडियम फक्त मिठातच आहे असं मी का धरलं?" तेवढंच म्हणाली. खाली बारीक अक्षरांत सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम होतं. त्याचं सूत्र शोधलं, त्यात तीन सोडियम आणि वर पाण्याचे दोन रेणू, बेरीज २९४. भागाकार, गुणिले हजार, गुणिले तीन, २९.६. दोन्ही मिळून ७४.

दूध सायीसकट थंड झालं.

ब्युरेटवाले सर

आणि क्लोराइड? तिने काढलं का?

गोधडी

विचारून आले. मिठातून ४४.४, पोटॅशियम क्लोराइडमधून २०.१, एकूण ६४.५. पाकिटावर ६५. ती म्हणते हे लोक राउंड करतात, म्हणून ७४ चंही त्यांनी ७५ केलं असणार. ग्लुकोज मात्र बरोब्बर ७५ आलं. आता सगळ्यांची बेरीज करून पाकिटावरचे एकूण २४५ येतात का बघतेय.

तळजाई

बरं वाटलं वाचून. फॉर्म?

गोधडी

सायन्स भरलं, काका. नीटचं नाव घरात सध्या कोणी काढायचं नाही असं ठरलंय, क्लास बारावीपर्यंत नाही. तीन कॉलेजांच्या प्रयोगशाळांची बेसिनं बघून आले, एका ठिकाणी शिपाई म्हणाला "बाई, गळतंय का कुठे?"

गणित ठेवायचं की त्याच्या जागी मानसशास्त्र मिळतंय का बघायचं, यावर मात्र घरात अजून जुंपलेली आहे. त्यासाठी वेगळा धागा काढते.

कट्टेकरी

काढा. पेढे घेऊन या.